डबा कोणाचा?



शाळा सुरू झाल्या की देवनार-गोवंडीच्या गल्ल्यांतून पहाटे पाचपासून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येऊ लागतात. पाणी भरायचे, पोळ्या लाटायच्या, एका मुलाची सकाळची शाळा, दुसऱ्याची दुपारची, आणि स्वतःला गोवंडीहून गाडी गाठायची. या धावपळीत ज्या माउल्या (आणि आता काही घरांत वडीलसुद्धा) मुलांचे डबे भरतात, त्यांना उपदेश करण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. डबा भरणे हीसुद्धा प्रार्थनाच आहे, असे एक गोड वाक्य लिहून मोकळे होता आले असते. पण डबा घरात भरला जातो आणि उघडला जातो तो मधल्या सुट्टीत, चारचौघांसमोर. तिथे काय घडते, त्याविषयी बोलायचे आहे.

घंटा होते. मुले कोंडाळे करून बसतात आणि झाकणे निघतात. मिनिटभरात कोणाच्या घरी काय आहे ते सर्वांना कळते. कोणाकडे पनीर, कोणाकडे रात्रीच्या चपातीचा कुस्करा, कोणाकडे पाच रुपयांचे चिप्सचे पाकीट. महिनाअखेरीला काही डबे हलके होतात, तेही मुलांच्या नजरेतून सुटत नाही. एखादे मूल झाकण आडवे धरून त्याच्या आडून खाते. एखादे "मला भूक नाही" म्हणून नळाकडे जाते. कोणी सुकट आणली असेल तर शेजारचा नाक दाबतो, आणि दुसऱ्या दिवशी ते मूल घरी म्हणते, "मला ब्रेड-जामच दे." आईला वाटते, पोर हट्टी झाले. पोराला लाज वाटलेली असते, पण ते आईला कसे सांगणार?

आता संत पौलाकडे वळू या. पवित्र गुरुवारी आपण करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातून प्रभुभोजनाच्या स्थापनेचे वाचन ऐकतो. ते वाचन अकराव्या अध्यायाच्या 23 व्या वचनापासून सुरू होते. त्याच्या आधीची, 17 ते 22 ही वचने त्या दिवशी वाचली जात नाहीत. घरी गेल्यावर ती जरूर वाचा. पौल तिथे चांगलाच रागावलेला आहे. करिंथचे ख्रिस्ती लोक कोणाच्या तरी घरी एकत्र जमत आणि प्रभुभोजनाबरोबर जेवणही होई. ज्यांच्याकडे होते ते आपापले आधीच खाऊन घेत. अभ्यासक सांगतात, की दिवसभर राबणारे मजूर आणि गुलाम उशिरा पोहोचत असावेत, तोवर जेवण उरकलेले असे. एक तर्र, दुसरा उपाशी. पौल त्यांना सरळ सांगतो, की हे प्रभूचे भोजन नव्हेच, कारण ज्याच्याजवळ काही नाही त्याला तुम्ही खाली मान घालायला लावता.

म्हणजे भांडण डब्यावरूनच होते! प्रभुभोजनाच्या स्थापनेचा लेखी स्वरूपातला सर्वांत जुना वृत्तांत आपल्याला याच भांडणामुळे मिळाला. शुभवर्तमाने त्यानंतर लिहिली गेली. सेमिनरीत असताना आम्हांला 'कंपनी' या शब्दाचे मूळ शिकवले होते: लॅटिनमधून आलेला, अर्थ 'भाकरीचे सोबती'. मुंबईत कंपनी म्हटले की पगाराची तारीख आठवते, ते वेगळे.

"तुझा तू खा, कोणाला देऊ नकोस," हे वाक्य आपल्या बहुतेक घरांत म्हटले जाते. त्याला कारणेही असतात. मूल अर्धपोटी राहील ही आईची काळजी खोटी नाही. 2020 च्या करोनानंतर वाटून खाण्याची भीतीही बसली, आणि एखाद्या मुलाला शेंगदाणा किंवा अंडे सोसत नसेल तर जपायलाच हवे. पण "त्याच्या डब्यातले खाऊ नकोस" असे आपण म्हणतो, तेव्हा 'त्याच्या' म्हणजे कोणाच्या, हे मुलाला बरोबर समजते. आपल्या देशात या वाक्याला फार जुना आणि कडू इतिहास आहे. 1900 साली साताऱ्याच्या शाळेत दाखल झालेल्या लहान भीमराव आंबेडकरांना नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी, नाही तर तहान. बसायला गोणपाट घरून आणायचे.

त्याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली वसतिगृह काढले आणि सर्व जातींची मुले एकत्र ठेवली, एकत्र जेवायला बसवली. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही विकले. ज्यांना त्यांनी जन्म दिला नव्हता अशा पोरांच्या भाकरीसाठी. त्या ख्रिस्ती नव्हत्या, आणि पौलाचे हे पत्र त्यांनी वाचले असण्याचा प्रश्नच नाही.

आता जरा कटू लिहितो. आपल्या धर्मग्रामात काही मुले खाजगी इंग्रजी शाळेत तीन कप्प्यांचा डबा नेतात, तर काही महापालिकेच्या शाळेत ताटलीत खिचडी घेतात. रविवारी मात्र ती एकाच बाकावर बसतात. "ती खिचडीवाल्या शाळेतली" हे शब्द आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गाबाहेर ऐकले आहेत. मुलांनी ते कोठून उचलले, ते आपण सर्व जाणतो. त्या खिचडीविषयी थोडे सांगणे भाग आहे. 15 ऑगस्ट 1995 रोजी देशभराची योजना सुरू झाली, पण बऱ्याच राज्यांत मुलांच्या हाती कोरडे धान्यच पडत होते. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. पुढे प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने, असे माप ठरले. एकच पातेले, एकच पंगत. 2023 च्या नोव्हेंबरात आपल्या राज्याने आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरवले, न खाणाऱ्याला केळे. 2025 च्या जानेवारीत अंड्यासाठीचा वेगळा निधी थांबवला. आपला एम पूर्व विभाग 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात सर्व विभागांत तळाला होता. इथल्या मुलांना एका अंड्याचे मोल कळते. खिचडीला नावे ठेवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

योहानाच्या शुभवर्तमानात पाच भाकरी आणि दोन मासळ्या एका मुलाजवळ होत्या (योहान 6:9). चार शुभवर्तमानकारांपैकी मुलाचा उल्लेख फक्त योहान करतो. भाकरी जवाच्या, म्हणजे गरिबाघरच्या. एवढ्या लोकांना हे कसे पुरणार, असा हिशेब अंद्रियाने मांडला, तो मोठ्या माणसाचा हिशेब होता. लहान मुलांचा हिशेब वेगळा असतो. पेरू एक आणि खाणारे तिघे असले तर मुले फ्रॉकच्या टोकात धरून 'चिमणीच्या दातांनी' तोडतात, म्हणजे तो उष्टाही होत नाही आणि सर्वांना मिळतो. हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. "कोणाला देऊ नकोस" हे मात्र आपण शिकवतो.

तेव्हा डब्यात जमेल तेव्हा अर्धी पोळी जास्त घालू या. जमणार नाही त्या दिवशी नको, त्यात कमीपणा नाही. मूल घरी आले की "डबा संपवलास का?" याच्याबरोबर "शेजारी कोण बसले होते? त्याने काय खाल्ले?" हेही विचारू या. आणि सुकट आणणाऱ्याला कोणी हसले, तर वर्गशिक्षिकेला सौम्यपणे सांगू या.

पुढच्या रविवारी आठच्या मिस्साबलीनंतर धर्मशिक्षणाच्या मुलांसाठी सभागृहात एकच सतरंजी घालायची आहे. घरून आलेले सर्व काही मोठ्या परातींत एकत्र काढायचे, मग वाढायचे. ज्यांना आणता येणार नाही त्यांनी तसेच यावे, दारात कोणी डबे मोजणार नाही. ताटल्या आहेत. वाढायला चार-पाच जण हवेत, आणि त्यांत दोन तरी वडील असावेत.