पैसे भरलेत, काजवे दाखवा

मार्च सरत आला की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उन्हाळी शिबिरांची पत्रकं फिरू लागतात. झिपलाइन, रॅपलिंग, रेन डान्स, तंबूतला मुक्काम आणि अगदी शेवटच्या ओळीत ‘निसर्गभ्रमंती व पर्यावरण जागृती’. जेवण काय, संडास कसा, मोबाइलला रेंज येते का, हे आपण खोदून खोदून विचारतो. रेन डान्सचं पाणी कुठून आणता, हे मात्र कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

भर मे महिन्यात ते कुठून तरी आणावंच लागतं. भंडारदरा-घाटघरचा मुलूख घ्या. पाऊस इथे धो धो पडतो आणि १९२६ सालचं धरण उशाला आहे. पण उतार तीव्र, खाली कातळ; पडलेलं पाणी थांबत नाही. धरणातलं जातं खालच्या अंगाच्या शेतांना. उन्हाळ्यात वरच्या वाड्यापाड्यांतल्या बायका आटलेल्या झऱ्याशी बसून वाटीवाटीने हंडा भरतात. त्याच डोंगरात दुपारी फवाऱ्याखाली नाचलेल्या पोराला संध्याकाळी ‘पाणी वाचवा’चा स्लाइड शो दाखवायचा, याला काय म्हणावं? मुलं स्लाइड विसरतात. मोठी माणसं कशी वागली, ते त्यांच्या पक्कं लक्षात राहतं.

मग येतात काजवे. मेअखेर, वळवाच्या सरी पडून गेल्या की या भागात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ रात्रभर लखलखतात. ही रोषणाई म्हणजे खरं तर लग्नाची घाई. नर उडता उडता चमकतो, मादी पानावर किंवा गवतात बसून उत्तर देते. अळीपणाचे कित्येक महिने ओलसर पाचोळ्यात, गोगलगाई खात निघून गेलेले असतात. पंख फुटल्यावर हाती उरतात जेमतेम दोन-तीन आठवडे. तेवढ्यात जोडीदार सापडला तर पुढची पिढी. आणि नेमक्या याच रात्री आपण गाड्यांचे दिवे, टॉर्च आणि मोबाइलचे फ्लॅश घेऊन हजर! त्या उजेडात खुणेचा उजेड हरवतो. चांगला फोटो यावा म्हणून गवतात शिरतो, तर पायाखाली मादी. एखादं पोर बाटलीत चार काजवे भरतं आणि बाप कौतुकाने व्हिडिओ काढतो. वन विभागाचे नियम आहेत. पण पैसे भरून आलेल्या गर्दीला ते सांगायचे कुणी? वाटाड्या म्हणून आलेल्या गावातल्या पोराने?

“बघितलंच नाही तर प्रेम कसं वाटणार?” हा आयोजकांचा सवाल बिनतोड वाटतो आणि त्यात तथ्यही आहे. फक्त बघण्याच्या रीती दोन आहेत. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने गावकऱ्यांना बरोबर घेऊन २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखली. पिल्लं बघायला आता लांबून लोक येतात, गावातल्या घरांत उतरतात. सकाळ-संध्याकाळ घरट्यावरची टोपली उचलली जाते. पिल्लं वर आलेली असली तर दोरीच्या अलीकडे उभं राहून बघायची. नसली तर गुमान चहाला परतायचं. मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलात म्हणून अंडं लवकर फुटत नाही. रिकाम्या वाळूकडे बघून हिरमुसलेलं मूल त्या सकाळी जे शिकतं, ते बाटलीत काजवे भरलेल्या मुलाला कधीच कळणार नाही. समुद्र आपल्या सुट्टीच्या हिशेबाने चालत नाही, एवढंच ते. पण शहरात ही गोष्ट शिकायला जागाच उरलेली नाही. घरी बटण दाबलं की सगळं दारात येतं.

आणखी एक खटकतं. शिबिरात पंगतीला वाढणारं, ताटं उचलणारं ठाकराचं किंवा महादेव कोळ्याचं पोर पाहुण्या मुलांच्याच वयाचं असतं. कुठल्या जाळीत करवंदं गोड, कुठल्या दगडाखाली हात घालायचा नाही, हे त्याला पाठ. शिकवायला मात्र पुण्याहून आलेला टी-शर्टवाला दादा! भंडारदऱ्याच्याच अकोले तालुक्यात कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे आहेत. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी गावठी वाणांची बियाणी जमवून बँक उभी केली. २०२० सालच्या पद्मश्रींच्या यादीत त्यांचं नाव होतं. भाताच्या, वालाच्या किती परी असतात, हे तिथे मुलांना हातात घेऊन बघता येतं. पत्रकात मात्र झिपलाइनच मोठ्या टायपात.

आयोजकांना नुसता दोष देण्यात अर्थ नाही. खपतं तेच ते विकतात. तेव्हा यंदा पैसे भरण्याआधी फोन करून पाण्याचं विचारा. काजव्यांच्या झाडाखाली एका वेळी किती मुलं नेता आणि टॉर्च कुणाकुणाकडे असतो, ते विचारा. स्वयंपाक करणाऱ्या मावशींची पोरं त्या वेळी कुठे असतात, हेही विचारा. दहा पालकांनी विचारलं तर पुढच्या वर्षीचं पत्रक बदलेल. शेवटी धंदा आहे तो.