रिनला कुणी विचारलं का?

कोलशेतहून ठाणे स्टेशनला जाताना बस कापूरबावडीला अडकली की फोनवर मांगाचं एखादं प्रकरण सहज वाचून होतं. 'फ्रूट्स बास्केट' मी अशाच प्रवासांत संपवली. २३ खंड. नात्सुकी ताकाया यांची ही मालिका १९९८ ते २००६ या काळात जपानच्या 'हाना तो युमे'मध्ये येत होती. शेवट गोड आहे असं सगळेच सांगतात, आणि तो आहेच. पण एवढा गोड शेवट न्याय्य आहे का, यावरून माझं आणि माझ्या मैत्रिणीचं चांगलंच वाजलं. (पुढे सगळा शेवट फोडलाय. वाचायची असेल तर इथेच थांबा.)

गोष्ट थोडक्यात अशी. सोमा घराण्यातल्या तेरा जणांना शाप आहे: चिनी राशिचक्रातले बारा प्राणी आणि मेजवानीला मुकलेलं मांजर. बाहेरच्या मुलीने मिठी मारली की मुलाचा प्राणी होतो, आणि मुलाने मारली की मुलीचा. आईविना झालेली तोरू त्यांच्यात राहायला येते, मांजर असलेल्या क्योवर तिचं प्रेम बसतं आणि शेवटी शाप तुटतो.

भांडण अकितोवरून. ती या घराण्याची प्रमुख, शापातली 'देव'. तिने रिनला खिडकीतून ढकललं, हातोरीचा एक डोळा जवळजवळ घालवला. आईच्या हट्टापायी तिला जन्मापासून मुलगा म्हणून वाढवलेलं, हेही आपल्याला कळतं. शेवटी ती बदलते आणि तिलाही प्रेम मिळतं. मैत्रीण म्हणते, "म्हणजे सुटलीच ना ती?"

प्रश्न रास्त आहे. घरात हात उगारणाऱ्याचं बालपण वाईट गेलं होतं हे कळल्याने मार खाल्लेल्याचं दुखणं कमी होत नाही. आपल्याकडे मात्र 'जाऊ दे, घरचंच माणूस आहे' हे वाक्य नेहमी मार खाल्लेल्यालाच ऐकवलं जातं.

आजी श्रावणी सोमवारी शिवामुठीची कहाणी वाचते. नावडती सून, तिला उष्टं खायला, जाडंभरडं नेसायला, राहायला गुरांचा गोठा. मग देव प्रसन्न होतो, सासऱ्याचे डोळे उघडतात, नावडतीची आवडती होते. सुफळ संपूर्ण. लहानपणापासून ऐकतेय आणि मला ती आवडते. पण त्या सुनेला कुणी विचारतच नाही की बाई, गोठ्यातले दिवस तू विसरलीस का? घरात परत घेतलं म्हणजे हिशेब मिटला असं सगळे धरून चालतात.

ताकाया इथे वेगळं वागतात, असं माझं म्हणणं. रिन अकितोला माफ करत नाही. तिच्या रागाला गोष्टीत जागा आहे. 'आता सगळं छान झालंय, तूही हस' असा आग्रह तिला होत नाही. आणि मोमिजी! मला सर्वांत जास्त तोच आठवतो. पोटच्या पोराचा ससा होतो हे आईला सोसवलं नाही, म्हणून तिच्या आठवणीतून त्याला पुसून टाकलेलं. ती त्याला कुणा दुसऱ्याचा मुलगा समजते. त्याचा शाप इतर बहुतेकांच्या आधी तुटतो. आता कुणीही त्याला मिठी मारू शकतं, पण आईला तो आठवत नाही तो नाहीच. शिवाय ज्या तोरूवर त्याचा जीव आहे तिचं मन क्योत. शाप तुटताना बाकीचेही रडतात, जाच होता तरी ते नातं जुनं होतं म्हणून. आनंदाच्या प्रसंगी असं रडणं खोटं वाटत नाही, हे ज्यांनी चाळ किंवा जुनं घर सोडून टॉवरमध्ये सामान हलवलंय त्यांना सांगायला नको.

म्हणून अकितोला सुख मिळालं याचा मला त्रास होत नाही. ते रिनच्या माफीच्या बदल्यात मिळालेलं नाही. कुणी चांगलं जगायला लागलं म्हणून तिच्यावर काही देणं चढत नाही. ती तिच्या वाटेने जाते, हारूबरोबर. शेवटच्या पानांवर तोरू आणि क्यो म्हातारे होऊन हातात हात घालून चालताना पाठमोरे दिसतात. तो आनंदही त्यांचा त्यांचा आहे, सगळ्या घराण्याच्या जखमांवरचा मलम म्हणून काढलेला नाही.

मैत्रिणीला हे अर्धंच पटलंय. परवा खाडीकडे फिरायला गेलो तेव्हा मी तिला पुन्हा मोमिजीचं सांगत होते. तिने मध्येच विचारलं, "आणि हातोरीचा डोळा? तो बरा झाला का?"

नाही झाला.