बंदिवानाचा विषाद

गीतेचे आणि कारागृहाचे नाते जुने आहे. ती सांगणारा भगवान कंसाच्या बंदिशाळेत जन्मास आला. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिले. विनोबांची गीता-प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि साने गुरुजींनी ती तेथेच टिपून घेतली. अशा ग्रंथाच्या वाचकास तुरुंगाच्या भिंतीमागील जग सर्वस्वी परके वाटू नये. तथापि आज विचार करावयाचा आहे तो अशा स्थितप्रज्ञ बंदिवानांचा नव्हे, तर ज्यांचे चित्तच ठिकाणावर राहिलेले नाही त्यांचा.

आसामातील एका ग्रामस्थास १९५१ साली, ऐन तारुण्यात, दुखापतीच्या आरोपावरून पकडण्यात आले. मन बिघडल्याचे दिसल्यावरून त्यास तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवले. १९६७ साली तो बरा असल्याचा निर्वाळा मिळाला. परंतु घरी पाठविण्याऐवजी त्याची रवानगी गुवाहाटीच्या तुरुंगात झाली. खटला चाललाच नाही. अखेर २००५ साली, मानवाधिकार आयोगाचे लक्ष गेल्यावर, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर तो सुटला. चौपन्न वर्षे! पुढे दोनच वर्षांनी तो निवर्तला.

ही हकीकत ऐकून कित्येक सज्जन सुस्कारा टाकून म्हणतात, “प्रारब्ध त्याचे! भोगल्यावाचून सुटका नाही.” या उद्गारात धर्म आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. कर्मविपाकाचा सिद्धांत मनुष्याने स्वतःच्या दुःखास लावावा. त्याने धैर्य येते. तोच दुसऱ्याच्या दुःखास लावला की त्याने केवळ आपली सुटका होते. अर्जुनाची गात्रे गळाली, मुख सुकले, धनुष्य हातातून निसटले, तेव्हा ‘हे तुझे भोग आहेत’ असे सांगून श्रीकृष्णाने रथ पुढे हाकलला नाही. त्याने आधी सारे ऐकून घेतले.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. अर्जुनाचा विषाद हा रोग नव्हता. म्हणूनच तो उपदेशाने निवळला. ज्याची ग्रहण करणारी बुद्धीच व्याधीने ग्रासली, त्यास उपदेश पुरत नाही; तेथे वैद्य आणि औषध हवे. हिवतापाने फणफणलेल्या मनुष्यास ज्ञानेश्वरी वाचून दाखवावी, पण म्हणून त्याचे क्विनाईन कोणी बंद करीत नाही. काही प्रवचनकार दुसऱ्या अध्यायातील विषयचिंतनापासून बुद्धिनाशापर्यंतची परंपरा सांगून मनोरुग्णासही त्याच मापाने मोजतात. ती परंपरा जागत्या साधकाला दिलेला इशारा आहे. रोगाचे निदान नव्हे. उन्मादाचे निदान चरकाने स्वतंत्रपणे केले आहे आणि त्याची चिकित्साही सांगितली आहे.

दुसरा आक्षेप अधिक तीव्र आहे. ज्याच्या घरातील माणूस मारले गेले तो विचारील, “मारेकऱ्याच्या मनाची चिंता तुम्हांस, मग आमच्या?” हा प्रश्न टाळता येत नाही. त्यास न्याय मिळालाच पाहिजे. परंतु न्यायाधीशाने शिक्षा दिली ती स्वातंत्र्य हिरावण्याची. वेड लागू देण्याची शिक्षा कोणत्याही संहितेत नाही. शिवाय २०२२ च्या अखेरीस आपल्या देशातील बंदिवानांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा अपराध अद्याप सिद्ध व्हावयाचा होता असे. तारखेमागून तारीख पडते, घरची भेट थांबते, रात्री झोप येत नाही; धडधाकट आत गेलेला मनुष्यही अशाने खचतो.

कायदा याबाबतीत मुका नाही. अपराध नसता केवळ वेडसर म्हणून कोणास तुरुंगात ठेवणे घटनाबाह्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली सांगितले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाप्रमाणे प्रत्येक राज्यातील निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मनोरुग्णांच्या उपचाराची व्यवस्था असली पाहिजे. तुरुंगात कोणी मनोरुग्ण बंदी नाही, असा दाखला तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी मंडळाकडे धाडावयाचा असतो. महाराष्ट्रातील एका खटल्यात २०१९ साली, शिक्षेनंतर जडलेल्या गंभीर मनोविकाराचा विचार करून सर्वोच्च न्यायालयाने फाशी रद्द केली व आजन्म कारावास देताना त्याच्या उपचाराची जबाबदारी राज्यावर टाकली. पण कायद्याचा कागद आणि वैद्याचा हात यांमध्ये फार अंतर आहे. देशात मानसरोगतज्ज्ञच थोडे. बंद्यास इस्पितळात न्यावयाचे तर पोलिसांचा पहारा लागतो. पहारा मिळत नाही, ठरलेला दिवस जातो, आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेला तो मनुष्य कोणास त्रास देत नाही म्हणून विसरला जातो. आरडाओरडा करणाऱ्याकडे निदान लक्ष तरी जाते!

आणि आपण गृहस्थ? ज्याचा भाऊ वा पुतण्या आत आहे असे घर आपल्या गल्लीतही असेल. ते लोक लज्जेने बोलत नाहीत, भेटीस जाणे सोडतात. मुलाखतीच्या दिवशी त्यांच्यासोबत जाता येते. तो जेवतो का, झोपतो का, ओळखतो का, हे पाहून तुरुंगाच्या डॉक्टरास लेखी कळविता येते. जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाकडे विनामूल्य वकील मागता येतो. तेव्हाच्या बिहारमधील हजारीबागच्या तुरुंगात बरे होऊनही दोन-दोन, तीन-तीन दशके अडकलेल्या बंद्यांच्या मुक्ततेचा आदेश १९८२ साली झाला, तो कोणा मोठ्या आंदोलनाने नव्हे. तेथील विधिसाहाय्य समितीने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींस एक पत्र लिहिले होते, आणि न्यायालयाने तेच याचिका म्हणून दाखल करून घेतले.