हलवायाच्या घरावर तुळशीपत्र



गेल्या उन्हाळ्यात साकोली तालुक्यातील एका खेड्यात आम्ही पाहुणे म्हणून उतरलो असता त्या घरच्या तरुणाने आम्हांस एक प्रश्न घातला. प्रश्न दिसण्यात लहान होता. परंतु त्याच्या पायी त्या घरात अबोला धरला गेला होता, म्हणून तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

हकीकत अशी. त्या तरुणाच्या वडिलांनी पुष्कळ वर्षांपूर्वी भंडाऱ्याच्या बाजारातून एका मराठी चित्रपटाच्या दोन व्हीसीडी रोख पैसे देऊन, पावतीसह विकत घेतल्या होत्या. पुढे त्या लावण्याचे यंत्र बिघडले, आणि ते दुरुस्त करणारा कारागीर आता तालुक्याच्या गावीही मिळेना. घरात आजी अंथरुणास खिळलेली. तिला तो चित्रपट पुन्हा एकदा पाहावयाचा होता. नातवाने मित्राचा संगणक आणून दोन्ही तबकड्यांवरील चित्रपट आपल्या मोबाईलमध्ये उतरवून घेतला, आणि आजीने तो उशाशी धरून पाहिला. येथवर सर्व आनंद होता. दुसऱ्या दिवशी थोरले काका आपले मेमरी कार्ड घेऊन आले, त्यांच्या मागून शेजारी आले, आणि सायंकाळी मंडळीतील एक वडीलही आले. "आम्हांसही भरून दे," एवढेच त्यांचे म्हणणे. मुलाचे मन कचरले व त्याने नाही म्हटले. काकांनी बोलणे टाकले. "मी पैसे घेणार नव्हतो, कोणाचे काही घटणारही नव्हते," तो आम्हांस म्हणाला, "मग मी चुकलो की काय?"

ह्यात दोन प्रश्न एकात एक गुंतले आहेत. ते सोडविल्यावाचून उत्तर मिळावयाचे नाही.

पहिला प्रश्न, त्याने चित्रपट आपल्या मोबाईलमध्ये उतरविला हे योग्य झाले काय? आमच्या मते झाले. आपल्या देशाचा स्वामित्वहक्काचा कायदा 1957 सालचा आहे. त्याच्या 52 व्या कलमात खाजगी उपयोगासाठी केलेल्या रास्त व्यवहारास मोकळीक दिली आहे. पूर्वी ही मोकळीक ग्रंथ, नाटक, संगीत व चित्रकला ह्यांपुरती होती. 2012 सालच्या दुरुस्तीने ती संगणक-आज्ञावली वगळून सर्व कृतींस, अर्थात चित्रपटांसही, लागू झाली. 'रास्त' म्हणजे किती, ह्याचे माप कायद्याने दिलेले नाही. ते मनुष्याच्या सद्‌बुद्धीवर व प्रसंग पडल्यास न्यायाधीशावर सोपविले आहे. परंतु जी वस्तू आपण मोल देऊन घेतली, ती जुन्या भांड्यातून नव्या भांड्यात ओतून आपल्याच घरात वापरणे ह्यास रास्त म्हणावयाचे नाही, तर कशास म्हणावे?

ज्यांच्या घरी अशा तबकड्या पडून आहेत त्यांच्यासाठी कृतीही सांगून ठेवतो. नवीन संगणकांस तबकडीचा कप्पा बहुधा नसतो; तो बाहेरून जोडावा लागतो. व्हीएलसी किंवा हँडब्रेक अशी मोफत सॉफ्टवेअरे आहेत. त्यांच्या योगे चित्रपट एमपी-4 ह्या स्वरूपात आणला म्हणजे बहुतेक मोबाईलांवर तो चालतो. व्हीसीडीचे चित्र मुळातच लहान, 352 बाय 288 ठिपक्यांचे, असते. ते मोठे करून काढल्याने स्पष्ट होत नाही, फाईल मात्र फुगते. म्हणून मूळ मापच ठेवावे. मूळ तबकडी जपून ठेवावी. ती विकून टाकून नक्कल आपल्यापाशी ठेवणे हा सरळ व्यवहार नव्हे.

डीव्हीडीची गोष्ट थोडी निराळी आहे. विकत मिळणाऱ्या पुष्कळ डीव्हीडींवर नक्कल होऊ नये म्हणून कुलूप घातलेले असते. कायद्याच्या 65-अ कलमाप्रमाणे हक्क मोडण्याच्या हेतूने असे कुलूप फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. कायद्याने ज्याची मनाई केलेली नाही अशा कामासाठी ते काढणाऱ्यास हे कलम आड येत नाही. परंतु दुसऱ्यासाठी ते काढून देणाऱ्याने त्या मनुष्याचे नाव, पत्ता व सर्व तपशील नोंदून ठेवला पाहिजे. आठवडी बाजारातील कोणत्या दुकानात अशी वही आहे, हे वाचकांनीच पाहावे!

आता दुसरा प्रश्न, म्हणजे काकांचे कार्ड. ह्यापुढे खरा पेच आहे. काकांच्या बाजूचे म्हणणे दुबळे नाही. दिव्याने दिवा लावला तर पहिल्या दिव्याचा उजेड कमी होत नाही. आमच्या तलावाचे पाणी एकाने अधिक घेतले तर दुसऱ्याच्या धानाला ते कमी पडते. चित्रपटाचे तसे नाही. मग चोरी कशाची?

ह्यावर आम्ही त्या तरुणास झाडीपट्टीच्या नाटकांची आठवण दिली. धानाची कापणी आटोपली की आपल्याकडे रात्रभर नाटके चालतात. तिकीट न काढता कनातीखालून शिरणारा मनुष्य कोणाची खुर्ची हिरावीत नाही; मागे जागा रिकामीच असते. नट तितकेच बोलतात, दिवे तितकेच जळतात. तरी त्यास कोणी प्रामाणिक म्हणत नाही. कारण नट, वाजंत्री व पडदे ओढणारे ह्यांची मजुरी त्या तिकिटांतूनच निघते. दिव्याने दिवा लागतो खरा, पण तेल कोणी तरी घातलेले असते.

आणि येथे एक सूक्ष्म मोह आहे, ज्याकडे आमच्या उपदेशकांचे लक्ष क्वचित जाते. लोभाची चोरी मनुष्यास लवकर ओळखू येते. औदार्याची चोरी ओळखू येत नाही. पैसे घेऊन कार्ड भरून देणारा दुकानदार धंदा करतो; कलम 63 प्रमाणे त्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड आहे, हे त्याला ठाऊक असो वा नसो. परंतु जो फुकट वाटतो त्यास वाटते, मी शेजारधर्म पाळला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारा तोच. दान दिल्याचे समाधान त्याचे, आणि मिठाई हलवायाची.

कोणी म्हणेल, तो चित्रपट आता बाजारात मिळतच नाही. आम्ही खेड्यातल्यांनी काय करावे? ही तक्रार खरी आहे, आणि तिच्यापुढे आमचे मनही थोडे मऊ होते. तरी शेजाऱ्याने शेत पडीक टाकले म्हणून ते आपले होत नाही. आधी शोध करावा. पुष्कळ चित्रपट त्यांच्या मालकांनीच इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. 1979 सालचा 'येशू' हा चित्रपट तर मालक संस्था आपल्याच ॲपवरून फुकट उतरवून घेऊ देते. शिवाय कायद्याने चित्रपटाच्या हक्कास मुदत घातली आहे. तो प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षांनी हा हक्क संपतो. प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' 1936 सालचा. म्हणून चित्रपट ह्या नात्याने त्याची मुदत केव्हाच संपली आहे. त्या घरचा चित्रपट मात्र साठ वर्षांचा झालेला नव्हता.

आणखी एक गोष्ट उपदेशकांसाठी. हौशी मंडळींनी फुकट प्रेक्षकांपुढे, किंवा धर्मसंस्थेच्या मदतीसाठी, नाटक केले तर कायदा त्यास मोकळीक देतो. ही मोकळीक ग्रंथ, नाटक व संगीत ह्यांपुरती आहे. तीत चित्रपटाचे नाव नाही. तेव्हा देवळाच्या आवारात पडदा लावून गावास चित्रपट दाखवावयाचा असेल, तर मालकाची परवानगी आधी मागावी, मग तो चित्रपट आपल्या मोबाईलमध्ये कितीही प्रामाणिकपणे आलेला असो.

असो. त्या रात्री आम्ही तरुणास म्हटले, "नक्कल देऊ नकोस, पण काकांना आजीजवळ बसून पाहावयास बोलाव. घरच्या माणसांनी घरी पाहण्यास कोणाची हरकत?" त्याने निरोप धाडला. काका आले नाहीत, काकू आल्या. मोबाईल पाण्याच्या तांब्यास टेकवून ठेवला होता, आणि आजीच्या खाटेवर पाच डोकी एकमेकांस लागली होती. मध्यंतराच्या सुमारास दारात काकांच्या वहाणांचा आवाज झाला. कोणी काही बोलले नाही. आजीने पाय आखडून घेतले, आणि त्यांस बसण्यापुरती जागा झाली.