‘मांडी घाल’ कोणासाठी?

अंगणवाडीत ठोकळ्यांचा खेळ रंगला की काही मुलं हमखास तशीच बसतात: गुडघे पुढे, पोटऱ्या मागे दोन्ही बाजूंना फाकलेल्या, बूड मधोमध जमिनीवर. वज्रासनात टाचा बुडाखाली असतात, इथे त्या बाहेर जातात. वरून पाहिलं तर पायांचा इंग्रजी डब्ल्यू दिसतो. “मांडी घाल” हे शब्द माझ्या तोंडून लगेच निघतात. ते मी मुलासाठी म्हणते की माझ्यासाठी?

मुलासाठी म्हणावं अशी कारणं आहेत. त्या बैठकीत पाया रुंद होतो, तोल आपसूक राहतो. पोटापाठीच्या स्नायूंना काम कमी पडतं, कमरेतून वळणं होत नाही. पण मूल हट्टाने तसं बसत नाही. मांडीच्या हाडाला जन्मतः आतल्या बाजूला बराच पीळ असतो, वय वाढतं तसा तो कमी होतो. म्हणून लहानपणी ही बैठक सोपी जाते आणि बहुतेकांची पुढे आपोआप सुटते. “खुबा निखळेल” अशी भीती आईला घालणं मला पाप वाटतं. मूल लंगडत असेल, एकच पाय आत वळत असेल, दुसरं कसंही बसताच येत नसेल, तर मात्र वर्षातून दोनदा येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकाची वाट पाहत न बसता डॉक्टरांकडे पाठवायचं.

आणि माझ्यासाठी? रांगेत मांडी, हाताची घडी, तोंडावर बोट. खोली शांत होते, नोंदी उरकतात. त्या शांततेत मुलाच्या पाठीचं भलं कुठे आहे? मांडीसुद्धा तासभर लादली तर शिक्षाच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, शाळाच मुलांच्या अंगणात नेली. त्या अंगणाचं नाव लावणाऱ्या खोलीत मी मुलांना जखडून कशी ठेवू?

सागरगोटे खेळणारी पोर पाहावी. एक पाय दुमडलेला, एक पसरलेला. झेलायला वर, उचलायला बाजूला, घटकेत बैठक बदलते. म्हणून ठोकळे जरा दूर, एका अंगाला ठेवावेत, कुणाला पाट द्यावा, कुणाला उकिडवं बसू द्यावं.

दिवाळीनंतर अंबड, घनसावंगी, मंठ्याकडची कितीतरी लेकरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. फडात मोळ्या बांधणाऱ्या आईला लेकरू कसं बसलंय हे पाहायला सवड कुठली? त्याआधीचे महिने माझ्या हातात आहेत. तेव्हा माझे डोळे रजिस्टरवर असावेत की त्याच्यावर, हे मलाच ठरवायचंय.