हिशेब कुठे शिकायचा?

रुपयाचे सोळा आणे आणि शेराचे सोळा छटाक होते तोवर शाळेत जाणाऱ्या मराठी मुलाची तीसपर्यंतच्या पाढ्यांवर सुटका नव्हती. त्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनाची औटकी पाठ करावी लागे. ही घोकंपट्टी रोजच्या व्यवहारातून आलेली होती. शेराला सात आणे भाव असेल तर पावशेराचे किती? पावकी येणारा लगेच सांगे, सात पावके पावणेदोन, म्हणजे एक आणा नऊ पै. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पुढच्या पाच वर्षांत वजने-मापेही दशमान झाली आणि अपूर्णांकांचे पाढे बघता बघता शाळेतून गेले.

ते गेले याचे दुःख मला नाही. जुन्या काळी पंतोजींच्या शाळेत बसायला मिळे ते मुख्यतः ठरावीक जातींच्या मुलग्यांना, आणि पाठ न येणाऱ्याच्या हातावर छडी बसे. दशमान पद्धतीने हिशेब कितीतरी अधिक लोकांच्या आवाक्यात आला. शिवाय त्या बदलात पाढे गेले तरी हिशेब माणसांच्या डोक्यातच राहिला. मूल पन्नासची नोट घेऊन दुकानात जाई, सदतीस रुपयांचे सामान घेई, आणि दुकानदार त्याच्या हातावर आधी तीन रुपये ठेवून म्हणे ‘चाळीस’, मग दहाची नोट ठेवून म्हणे ‘पन्नास’. वजाबाकी बेरजेनेही करता येते, हे त्या मुलाला कोणीही मुद्दाम शिकवत नव्हते. वहीतली ‘हातचा घेऊन’ केलेली वजाबाकी आणि दुकानातली ही वजाबाकी, दोन्ही त्याच्याजवळ असत.

आताचा बदल वेगळा आहे. यूपीआय 2016 मध्ये आले आणि ऑगस्ट 2025 मध्ये एका महिन्यातले व्यवहार 2,000 कोटींच्या पुढे गेले. भाजीवाल्या मावशींच्या गाडीवरही क्यूआर कोडचा फलक आहे. इलेक्ट्रॉनिक काट्यावर भाव टाकला की वजन आणि रक्कम दोन्ही आकडे समोर दिसतात, तेवढी रक्कम फोनवरून जाते आणि गाडीवरच्या बोलक्या पेटीतून पैसे मिळाल्याची घोषणा होते. सुट्ट्या पैशांची कटकट संपली, हे सुख खरेच आहे. पण या साऱ्यात गुणाकार, बेरीज, वजाबाकी यांतले काहीही घेणाऱ्याने केले नाही आणि देणाऱ्यानेही केले नाही. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाला बघण्यासारखे काही घडलेच नाही.

गणित शाळेत आहेच, मग बाजारातले गेले तर काय बिघडले, असे यावर कोणी म्हणेल. बिघडते ते इथेच. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा एक अभ्यास 1985 साली प्रसिद्ध झाला. विक्री करताना या मुलांची 98 टक्के उत्तरे बरोबर येत. त्याच प्रकारची गणिते कागदावर नुसत्या आकड्यांत मांडून दिली, तेव्हा प्रमाण 37 टक्क्यांवर आले. एका मुलाला 35 क्रुझेरोंचा एक असे दहा नारळ किती, असे विचारले. त्याने आधी तीन नारळांचे 105 धरले, मग आणखी तिनांचे, मग आणखी तिनांचे, आणि शेवटी एकाची भर घालून 350 वर आला. दहाने गुणताना पुढे शून्य द्यायचे हा शाळेतला नियम त्याने वापरला नाही, पण आपण काय करतो आहोत हे त्याला पायरीपायरीने ठाऊक होते. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा मोठा अभ्यास 2025 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्यात होते. बाजारातली मुले शाळेच्या गणितात अडत होतीच, पण शाळेत नीट उत्तरे देणारी मुले बाजारातल्या साध्या हिशेबात अडत होती. बाजारात राबणाऱ्या मुलाचे कौतुक करून थांबता येणार नाही, त्याची जागा शाळेतच आहे. पण एकीकडचे ज्ञान दुसरीकडे आपोआप जात नाही, हे या अभ्यासांनी दाखवले आहे. त्यामुळे बाजारातली शिकवणी बंद पडली तर शाळा ती जागा आपसूक भरून काढील, या भरवशावर राहता येत नाही. ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या 2023 च्या ग्रामीण पाहणीत 14 ते 18 वयाच्या सुमारे 85 टक्के मुलांना पट्टीने लांबी मोजता आली, पण वस्तू शून्यापासून न ठेवता पुढच्या आकड्यापासून ठेवली तेव्हा ते जमले 39 टक्क्यांना. म्हणजे बाकीच्यांपैकी बहुतेकांना पट्टी वाचता येत होती, मोजता येत नव्हते.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या कर्जरोख्यांची होळी केली. ज्या कागदावर अंगठा उठवला त्यात काय लिहिले आहे आणि व्याज कसे वाढले, हे अनेकांना तपासता येत नव्हते. सात वर्षांनी जोतीराव फुल्यांनी शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे सांगताना त्यांनी मोडी आणि बाळबोध वाचन-लेखनाच्या जोडीला हिशेब मागितला, शेतीची प्राथमिक माहिती मागितली. ज्याला हिशेब येत नाही तो लुबाडला जातो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

आज कर्ज फोनवर मिळते. दहा हजार घ्या, हजाराचा हप्ता, बारा महिने. वर दोन हजार गेले, म्हणजे व्याज वीस टक्के, असे कोणालाही वाटेल. पण पूर्ण दहा हजार आपल्याकडे असतात फक्त पहिला महिना. दर हप्त्याला मुद्दल उतरत जाते, आणि वर्षभराची सरासरी काढली तर वापरायला मिळतात साडेपाच-पावणेसहा हजार. दोन हजार त्यांवर गेले. खरा दर वर्षाला 35 टक्क्यांच्या घरात जातो. नेमका आकडा काढायला यंत्र लागेल, आणि ते खुशाल वापरावे. पण ‘वीस टक्के’ हे उत्तर खोटे वाटते आहे, ही शंका यंत्र आणून देत नाही. ती शंका यायला अर्धे, पाव, सरासरी यांच्याशी लहानपणापासून घसट असावी लागते. कॅल्क्युलेटरवर चुकून एक शून्य जास्त पडले तर तेही याच घसटीने कळते.

म्हणून कॅल्क्युलेटरला शाळेत बंदी घाला किंवा औटकी परत आणा, असे मी म्हणणार नाही. मला हवा आहे तो बाजार. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत बाल आनंद मेळाव्याच्या निमित्ताने मुलांचा बाजार भरतो. मुले घरून मेथी, लिंबे, भेळ आणतात, पाहुणे येतात, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुस्तक उघडते. खरे शिकवणे तर दुसऱ्या दिवशी सुरू व्हायला हवे. वीस रुपयांची मेथीची जुडी संध्याकाळी पंधराला द्यावी लागली, तर नफ्याचे काय झाले? गल्ल्यात हिशेबापेक्षा तीस रुपये कमी का निघाले? एकीने तोंडी केलेला हिशेब आणि दुसऱ्याने वहीत मांडलेला हिशेब फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत, आणि दोन्हीकडे उत्तर एकच का आले हे मुलांनीच सांगावे. वर्षातून एकदा नव्हे, महिन्यातून एकदा. भांडवल शाळेने द्यावे, म्हणजे ज्याच्या घरी आणायला काही नाही तोही विकायला बसेल.