होडीतला डबा आणि देवावरचा भरवसा

ज्या जिल्ह्याला समुद्र नाही आणि ज्याच्या नद्या वैशाखात वाळूचे पट्टे होऊन पडतात, त्या बुलढाण्यात बसून बुडत्या नावेचा विचार करणे काहीसे हास्यास्पद वाटेल. परंतु देऊळगाव महीजवळ खडकपूर्णेवर धरण होऊन संत चोखासागर भरू लागल्यापासून या कोरडवाहू मुलखातही होडी आणि जाळे यांचा संसार मांडला गेला आहे. होडी आली म्हणजे आपत्काळासाठी तीत काय ठेवावे हा प्रश्न आला, आणि त्यामागोमाग, ईश्वरावर भार टाकणाऱ्याने ते मुळात ठेवावे काय, हा अधिक अवघड प्रश्नही ओघानेच आला.

पहिल्याचा जाबता लहान आहे: पाणी उपसण्यास भांडे, फुटल्या फळीत कोंबावयास चिंध्या, लांब दोर, धारेचा चाकू, विजेरी, शिट्टी, मेणकापडात गुंडाळलेली काड्यापेटी, थोडा गूळ आणि फुटाणे. किरकोळ जिन्नस घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात भरावे, पण गच्च भरू नये, कारण आत हवा राहिली तरच तो तरंगेल. आणि तो होडीला न बांधता माणसाच्या हाताशी ठेवावा, कारण होडीला बांधलेले सामान होडीबरोबरच तळाशी जाते. (तरंगते जाकीट मात्र अंगातच असावे. आपल्याकडे ते बहुधा घडी करून बसावयास घेतात.)

आक्षेप असा की, एवढी तजवीज करणारा मनातून साशंकच असतो. आईला स्वतः बिलगणारे माकडाचे पिलू हा भक्ताचा आदर्श, की आईने तोंडात धरून न्यावे ते मांजराचे, यावरून श्रीवैष्णवांत दोन पक्ष पडले. आणि गीतेने अठराव्या अध्यायात कर्माच्या कारणांत दैवाला पाचवे स्थान दिले, ते उरलेल्या चारांना रजा देऊन नव्हे. परंतु आमच्याकडे हा वाद शास्त्रार्थाने येत नाही, पोथीने येतो. दासगणूंनी १९३९ मध्ये रचलेल्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथात, सोमवतीच्या पर्वणीस ओंकारेश्वरी गेलेले शेगावचे गजानन महाराज भक्तांसह नर्मदेतून परतत असता नाव खडकावर आपटते, फळी फुटते, नावाडी पाण्यात उड्या टाकतात, आणि अखेर कोळिणीच्या वेषाने आलेली नर्मदा छिद्राला हात लावते. पोथीकाराला नुसते पाणी ओसरवून भागले नाही, छिद्राला हात लागावाच लागला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कारण प्रत्यक्ष नदीदेवतेने जे केले तेच करण्यासाठी कोणी चिंध्यांचा बोळा जवळ बाळगला, तर त्याने तिच्यावर अविश्वास दाखविला असे कोणत्या तोंडाने म्हणावे? उडी टाकणाऱ्या नावाड्यांवरही माझा राग नाही. पोहता येणे हीही एक तजवीजच.

तथापि एवढ्या कथेवर निकाल देणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण ज्यांचे नाव या जलाशयाला दिले आहे ते चोखोबा वाचले नाहीत. परंपरेने त्यांचे जन्मस्थान मानलेले मेहुणा राजा याच देऊळगाव राजा तालुक्यात आहे. आणि ज्यांच्यासाठी विठ्ठलाने ढोरे ओढली असे संतचरित्रे सांगतात, तेच चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर राबत असता कूस ढासळून इतर मजुरांबरोबर गाडले गेले. त्यांच्या भक्तीत उणेपणा होता असे म्हणण्यास कोणीही धजावणार नाही. पुढे नामदेवांनी त्यांच्या अस्थी ओळखल्या, त्या त्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले म्हणून, असे सांगतात. म्हणजे नामाने त्यांना भिंतीपासून वाचविले नाही, ढिगाऱ्यात हरवू मात्र दिले नाही. भरवशाचे क्षेत्र मला येथे दिसते. आपत्ती येणारच नाही असा मुचलका देवाने कोणालाही लिहून दिलेला नाही, आणि जाबता पुरा केला म्हणून वाराही तसा मुचलका देत नाही. तेव्हा डबा भरणाऱ्याने भाविकाला हसू नये, आणि भाविकाने डबा भरणाऱ्याला नास्तिक ठरवू नये. त्यातून होडीत दुसरा माणूस असेल, तर आपल्या श्रद्धेची परीक्षा त्याच्या जिवावर पाहण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हेही विचारावे लागेल.

राहता राहिली अंगाऱ्याची पुडी. होडीवाल्याने ती डब्यात टाकली तर माझी हरकत नाही. तिला वजन नाही, आणि अंधारात हात कापू लागले असता ती बोटांना लागणे याची किंमत विजेरीहून कमी असे मला म्हणवत नाही. फक्त ती काड्यापेटीबरोबरच मेणकापडात गुंडाळावी, आणि मृगाच्या आधी एकदा डबा उघडून विजेरीचे सेल पाझरले आहेत काय ते पाहावे.